तंबोऱ्यामागची जागा

ख्याल शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी एक गोष्ट आवर्जून सांगते. तुमचे गुरू मैफली करत असतील, तर त्यांच्या मागे तंबोरा घेऊन बसायची संधी सोडू नका. मी ज्या ताईंकडे शिकले त्या शिकवतही होत्या आणि गातही होत्या. आठवडाभर तालीम, शनिवार-रविवारी कुठे ना कुठे कार्यक्रम. हंगामात तर पाठोपाठ: गणपती, कोजागरी, दिवाळी पहाट, मग थंडीतले महोत्सव. राग, बंदिशी, पलटे हे सगळं मला त्यांच्या घरी बसून मिळालं. पण गाणारी बाई लोकांसमोर एक राग कसा उभा करते, ते मला कळलं त्यांच्या पाठीमागच्या सतरंजीवर बसून. त्यातलं जे हाताशी राहिलं ते असं.

१. तंबोरा लावणं हीच पहिली तालीम

पहिली तार पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या, चौथी खर्जाची. खुंटी पिळून तार स्वराच्या आसपास आणायची, उरलेलं काम घोडीपलीकडच्या मण्यांनी करायचं. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवत राहायचं, जवारी खुलेपर्यंत. सांगायला एवढंच आहे. करायला बसलं की समजतं, आपले दोन षड्ज एकमेकांपासून केसभर लांब आहेत आणि ते केसभर अंतर आपल्याला आजवर ऐकूच येत नव्हतं. जोड खरोखर जुळली की दोन तारांचा आवाज एक होतो. चारही तारा लागल्या की खर्जातून गांधार बोलायला लागतो. तो कुणी लावलेला नसतो. परीक्षेच्या पुस्तकात ‘स्वयंभू गांधार’ मी कितीदा वाचला होता, पण तो ऐकला तंबोरा मांडीवर घेतल्यावर.

घरी तंबोरा लावणं आणि कार्यक्रमात लावणं यांतही फरक आहे. ग्रीनरूममध्ये सुरेल लागलेला तंबोरा रंगमंचावर तसा राहत नाही. दिव्यांच्या उष्णतेने तारा उतरतात, एसीचा झोत थेट आला तर चढतात. गाणं चालू असताना, ताईंचा स्वर न ढळू देता आणि पुढच्या रांगेचं लक्ष न वेधता, एक मणी वर सरकवायचा असतो. हे करताना कान जेवढा जागा राहतो, तेवढा मी कुठल्याही रियाजात जागा ठेवू शकले नव्हते.

ताई तंबोरे घेऊन मिरजेला जायच्या तेव्हा आम्हाला बरोबर नेत. मिरजेतल्या शिकलगारांनी, म्हणजे हत्यारं घडवणाऱ्या आणि त्यांना धार लावणाऱ्या कुटुंबांनी, एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यं करायला घेतली. पंढरपूर भागातले भोपळे त्यांच्याकडे येतात आणि २०२४ मध्ये तिथल्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मला आठवतो तो जवारी करणारा कारागीर. घोडीवरून कानस हलकेच फिरवायची, तार बसवायची, छेडायची, ऐकायचं, तार काढायची, पुन्हा कानस. कुठे थांबायचं हे तो फक्त कानाने ठरवत होता. ताई शेजारी गप्प बसून राहिल्या होत्या. त्यांनी आम्हाला तिथे का आणलं, हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही.

२. राग ठरतो, आणि मग बदलतो

क्लासात राग वेळापत्रकाप्रमाणे येतो. या महिन्यात बिहाग, पुढच्या महिन्यात केदार. मैफलीत तसं नसतं. एका संध्याकाळी ताईंनी हमीर गायचं ठरवलं होतं. ग्रीनरूममध्ये त्यांनी दोन-तीनदा आवाज लावून पाहिला. तार षड्ज येत होता, पण मोकळेपणाने येत नव्हता. हमीर हा उत्तरांगाचा राग, त्याचा सगळा डौल धैवताकडे आणि वरच्या षड्जाकडे. त्या म्हणाल्या, “पंचम उतरव, मध्यम कर. बागेश्री गाऊ.” बाहेर निवेदिका बोलायला उभी राहिली होती आणि मी तारेवर कान ठेवून मध्यम शोधत होते.

बागेश्रीत मंद्र सप्तकातल्या धैवत-निषादाशी कितीही वेळ रमता येतं. ताईंचा आवाज त्या दिवशी खाली भरदार लागत होता. त्यांनी पहिली पंधरा-वीस मिनिटं तिथेच काढली आणि आवाज तापल्यावर हळूहळू वर सरकल्या. समोरच्या लोकांना एक संथ, भारदस्त बागेश्री ऐकायला मिळाली. त्यामागचा हिशेब फक्त आम्हा मागे बसलेल्यांना ठाऊक होता.

पूर्वांगप्रधान आणि उत्तरांगप्रधान राग, दरबारी आणि अडाणा स्वर तेच असून वेगळे कसे, हे सगळं मी परीक्षेत लिहून चांगले गुण मिळवले होते. त्या दिवसापर्यंत ते माझ्यासाठी वर्गीकरण होतं. गाणाऱ्याच्या हाती ते अवजार असतं. कुठला राग आज, या वेळेला, या गळ्याला, या हॉलमध्ये आणि आधीच्या कलाकाराने जे गायलं त्यानंतर फुलेल, याचा अंदाज बांधायला ते ज्ञान लागतं. गाणारा गुरू जवळ नसेल तर हे शिकवायचं कसं, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

३. पाठमोरं गाणंही गाणं असतं

श्रोत्यांना चेहरा दिसतो, आम्हाला पाठ दिसायची. श्वास पाठीवर फार स्पष्ट दिसतो. बरगड्या खालून रुंदावतात, खांदे जागचे हलत नाहीत. ताई मुखडा घेण्याच्या किती आधी श्वास भरून ठेवतात, लांब तानेच्या मध्ये चोरटा श्वास कुठे घेतात, हे मी पाठीवरून वाचायला शिकले. अति विलंबित एकतालात बारा मात्रांचं एक आवर्तन मिनिटाच्या घरात जातं. तेवढ्या मोकळ्या जागेत त्या घाई करत नसत. अर्ध्याहून अधिक आवर्तन एकाच स्वरसमूहाभोवती, मग एक विराम, मग मुखड्याकडे वळण. विराम किती लांब असू शकतो, हे ध्वनिमुद्रणात ऐकताना पुरेसं कळत नाही. त्या विरामात आपल्या तंबोऱ्याशिवाय दुसरं काहीच वाजत नसतं, तेव्हा तो अंगाला जाणवतो.

४. बिघडलेलं सावरणं

घरच्या तालमीत काही चुकलं की ताई थांबवायच्या, पुन्हा घ्यायला लावायच्या. रंगमंचावर थांबता येत नाही. तबल्याची पुडी उतरते, माइक किंचाळतो, समोर एखादं मूल रडायला लागतं. एकदा तान लांबली आणि सम निसटली. ताईंनी तबल्यावरच्या काकांकडे पाहून मान डोलावली, जणू सम मुद्दाम पुढच्या आवर्तनावर ठेवली आहे, आणि तोच धागा पकडून आणखी एक आवर्तन भरलं. पुढची सम अशी पडली की हॉल उसळला. कार्यक्रम संपल्यावर गाडीत बसताच त्या स्वतःहून म्हणाल्या, “ती तान दोन मात्रांनी लांब होती.” लोकांसमोर खचायचं नाही आणि स्वतःशी लपवायचं नाही, हे एका रात्रीत दोन्ही पाहायला मिळालं. केवळ शिकवणाऱ्या माणसाला विद्यार्थ्यांसमोर असं निसटायची वेळच येत नाही, त्यामुळे विद्यार्थ्याला वाटत राहतं की मोठे लोक कधी चुकतच नाहीत. हा समज मुलांचं फार नुकसान करतो. माझ्याकडच्या कितीतरी गुणी मुली केवळ त्यापायी लोकांपुढे गायला घाबरतात.

५. मागून स्वर देणं

काही काळ नुसतं वाजवल्यावर ताई अधूनमधून मागे हात करायच्या. म्हणजे आता तू गा. त्या पाणी पिईपर्यंत, श्वास घेईपर्यंत किंवा पुढचा विचार जुळेपर्यंत जागा भरायची. किती भरायचं? त्यांनी ज्या स्वरावर सोडलं त्याच्या पुढे जायचं नाही. त्यांनी अजून पंचम दाखवला नसेल तर मी तो दाखवणं म्हणजे त्यांच्या हातचं काढून घेणं. आवाज त्यांच्या आवाजाला लागून राहावा, वर चढू नये. राग आत्ता कुठवर उलगडला आहे, हे क्षणोक्षणी माहीत असल्याशिवाय हे जमत नाही. एका मोठ्या इमारतीचं काम चालू असताना गवंड्याच्या हाती नेमकी वीट द्यावी, तसं ते काम आहे. स्वतःची मैफल करू लागल्यावर मला रागविस्ताराची भीती वाटली नाही, ती या सरावामुळे.

आपल्याकडची मोठी माणसं अशीच घडली. मोगूबाई कुर्डीकरांच्या मागे तंबोऱ्यावर बसून किशोरी आमोणकर गावोगाव हिंडल्या. भीमसेन जोशी कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या घरी राहून शिकले, आणि गंगूबाई हनगल हुबळीहून रेल्वेने तिथे तालमीला जात. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाण्याला शाळेची शिस्त, अभ्यासक्रम, पदवी दिली. पण तेच पलुस्कर शिष्यांना बरोबर घेऊन देशभर कार्यक्रम करत फिरत. म्हणजे शाळेच्या जनकाने रंगमंच सोडला नव्हता. त्यांच्या निधनानंतर, १९३१ मध्येच, शिष्यांनी मंडळ उभारलं. त्या मंडळाच्या प्रवेशिका-मध्यमा-विशारदच्या परीक्षांनी गाणं मध्यमवर्गाच्या घराघरांत पोचवलं. माझ्या आईला गाणं मिळालं ते त्यामुळे, ते ऋण मी विसरणार नाही. आज मात्र परीक्षा तेवढी राहिली आणि प्रवास गळाला, असं मला तळमळून वाटतं. विशारद झालेली मुलगी गुरूच्या एकाही मैफलीला मागे बसलेली नसते.

६. मैफल एकटीची नसते

पेटीवाले आणि तबल्यावरचे काका यांना ताई स्वतःच्या आधी चहा द्यायला लावत, आणि मानधनाचं पाकीट मिळालं की पहिल्यांदा त्यांचा हिशेब करत. लय सांगताना आवाज चढवत नसत, मांडीवर बोटाने दाखवत. याबद्दल त्या कधी एक शब्द बोलल्या नाहीत.

७. गुरूचं काय घ्यायचं नाही

इतक्या जवळ बसलं की गुरूचे हातवारे, मान वेळावणं, एखादा अनुनासिक स्वर सगळं अंगात शिरतं. माझ्या बरोबरीच्या एका मुलाचा तर खाकरण्याचा सूरही गुरूचा झाला होता. ताई याबाबत कडक होत्या. त्यांच्यासारखी तान आली की म्हणत, “ही माझ्या गळ्याची आहे, तुझ्या गळ्याची शोध.” जवळ बसण्याचा हा धोका खरा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. त्यावर उतारा एकच दिसतो. ज्याची मैफल रोज वेगळी होते, अशा कलावंताच्या मागे बसावं. दरबारी आज एका वाटेने आणि महिन्याने दुसऱ्याच वाटेने जाताना पाहिला की नक्कल नेमकी कशाची करायची, हा प्रश्न विद्यार्थ्याला आपोआप पडतो.

८. ही जागा कुणाला मिळते

रात्री उशिरापर्यंतचे कार्यक्रम, परगावचा प्रवास, मुक्काम. पुण्या-मुंबईत राहणाऱ्या, घरून मोकळीक असणाऱ्या मुलांना हे सोपं जातं. मुलींचे आईवडील कचरतात आणि त्यांची काळजी खोटी नसते. ताई प्रत्येक वेळी माझ्या घरी स्वतः फोन करून कुठे जाणार, कुठे राहणार, किती वाजता परत येणार, हे सांगत. ज्या गुरूंना शिष्य बरोबर हवे आहेत त्यांनी ही जबाबदारी उचलायला हवी. लातूर-नांदेडकडच्या एखाद्या मुलीला आवाज आहे, कान आहे, पण तिच्या गावात मैफल करणारं कुणी नाही, तर तिची ही शिकवणी राहूनच जाते. मोठ्या शहरातल्या गायकांनी सुट्टीच्या दोन महिन्यांत अशा एका तरी विद्यार्थ्याला बरोबर फिरवावं, यासाठी मी भेटेल त्याच्याकडे शब्द टाकत असते. काहींनी ऐकलंही आहे.

९. पेटीतला तंबोरा

इलेक्ट्रॉनिक तंबोरा आता सगळ्यांकडे आहे, मोबाइलवरही आहे. रियाजाला तो उपकारक आहे. एकट्या राहणाऱ्या, भाड्याच्या खोलीत गाणाऱ्या मुलांना त्याने मोठा आधार दिला. मी स्वतः पहाटे तोच लावते. पण अलीकडे कार्यक्रम ठरवतानाच आयोजक विचारतात, “तंबोऱ्याला माणसं आणायलाच हवीत का? मशीन चालेल ना?” त्यांना दोन माणसांचं भाडं आणि दोघांची राहायची सोय वाचवायची असते, आणि छोट्या मंडळांची ओढाताण मला माहीत आहे. तरी रंगमंचावर ते यंत्र आलं की दोन विद्यार्थ्यांची त्या रात्रीची तालीम गेली, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

मी सांगते. फोनवर तारीख पक्की करण्याआधी सांगते की बरोबर दोन विद्यार्थी येतील, त्यांचा प्रवास साध्या गाडीने चालेल, राहायला एखाद्या कार्यकर्त्याचं घरही चालेल, पण माझ्या मागे बसायची जागा त्यांची आहे. बहुतेक मंडळं हो म्हणतात. जिथे खरोखर परवडत नाही तिथे मानधनातून मी त्यांची तिकिटं काढते. परतीच्या वाटेवर दोघांनाही एकच प्रश्न विचारते: आज मी काय गायचं ठरवलं होतं आणि काय गाळलं? उत्तर चुकलं तरी चालतं. पुढच्या खेपेला ते ग्रीनरूममध्ये आवाज लावतानाच कान टवकारून बसतात.