हेब्रॉनची गुहा कोणाची?

प्रश्न : इस्रायल-पॅलेस्टाइनच्या बातम्यांत एक बाजू म्हणते, ज्यू तिथे तीन हजार वर्षांपासून आहेत. दुसरी म्हणते, मुस्लिम चौदाशे वर्षे पिढ्यानपिढ्या तीच जमीन कसत आलेत. इतिहासकारांनी ‘आधी कोण’ हे एकदाचे सांगून टाकले तर वाद मिटणार नाही का? (मिरजेहून एक वाचक)

उत्तर : ‘आधी कोण’ याचे उत्तर इतिहासकारांनी कधीच देऊन ठेवले आहे. इ.स.पू. १२०८ च्या सुमारास इजिप्तच्या मर्नेप्ताह राजाने कोरून घेतलेल्या शिलालेखात ‘इस्रायल’ नावाच्या लोकांचा उल्लेख येतो. त्यांच्याही आधी कनानी लोक तिथे राहत होते, हे ज्यूंचा धर्मग्रंथच सांगतो. जेरुसलेममधले ज्यूंचे दुसरे मंदिर रोमनांनी इ.स. ७० मध्ये उद्ध्वस्त केले आणि १३५ मध्ये ज्यू नेता बार कोखबा याचे बंड मोडून काढल्यावर ज्यूंना त्या शहरात पाय ठेवायला बंदी केली. तरी उत्तरेकडच्या गालीलमध्ये ते राहिलेच. ६३८ च्या सुमारास खलिफा उमर यांच्या काळात जेरुसलेम मुस्लिमांच्या ताब्यात आले, आणि त्यानंतर ज्यूंना शहरात पुन्हा राहता येऊ लागले.

चौदाशे वर्षांचा हिशेबही अपुराच आहे. अरब सैन्याने येऊन जुनी वस्ती उठवली नाही. गावोगावचे शेतकरी होते तिथेच राहिले. पुढच्या काही शतकांत त्यांची भाषा अरबी झाली आणि बहुतेकांनी इस्लाम स्वीकारला. आजच्या पॅलेस्टिनी शेतकऱ्याच्या पूर्वजांत ख्रिस्ती असणार, आणि काही ज्यूही असण्याचा संभव आहे. म्हणजे दोघेही त्या मातीतले आहेत. एवढे मान्य करूनही वाद जागचा हलत नाही. तो का हलत नाही, हे हेब्रॉनमध्ये स्पष्ट दिसते.

हेब्रॉन हे जेरुसलेमच्या दक्षिणेला सुमारे तीस किलोमीटरवरचे डोंगराळ शहर आहे. अरब त्याला अल-खलील म्हणतात. बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या २३ व्या अध्यायात तिथल्या एका जमीनव्यवहाराची हकिगत आहे. सारा वारली. तिचा नवरा अब्राहाम त्या मुलखात परका, तिला पुरायला त्याच्याकडे हातभर जागा नव्हती. त्याने एफ्रोन नावाच्या हित्ती माणसाकडे शेताच्या कडेची मकपेलाची गुहा मागितली. एफ्रोन म्हणाला, शेत आणि गुहा तशीच घे. अब्राहामाने ऐकले नाही. पूर्ण किंमत देणार म्हणून अडून बसला आणि गावच्या वेशीत, सगळ्यांच्या देखत, चारशे शेकेल चांदी मोजून दिली. त्या अध्यायात शेत, गुहा, बांधावरची झाडे, साक्षीदार सगळे नोंदलेले आहे. आपल्याकडच्या जुन्या खरेदीखतात ‘झाडझाडोऱ्यासह, दगडधोंड्यासह’ असे लिहीत, थेट तसेच. ज्यू परंपरा हेब्रॉनकडे रोख मोजून घेतलेली जागा म्हणून बघते ती यामुळे. इसहाक, रिबेका, याकोब आणि लेआ यांचे दफनही तिथेच झाले असे मानतात.

आता मुस्लिमांची बाजू बघा. अब्राहाम म्हणजे त्यांचे हजरत इब्राहिम, काबा उभारणारे पैगंबर. थोरला मुलगा इस्माईल याच्याकडून अरब स्वतःची वंशावळ सांगतात. म्हणजे गुहा ज्याची, तो दोघांचाही पूर्वज. त्याच ‘उत्पत्ती’मध्ये दोन अध्याय पुढे लिहिले आहे की अब्राहाम वारला तेव्हा इसहाक आणि इश्माएल या दोघा मुलांनी मिळून त्याला त्या गुहेत पुरले. एका खरेदीखताचे दोन वारस, दोघांनाही ते मान्य. अशा ठिकाणी ‘आधी कोण’ हा प्रश्न विचारून काही हाती लागत नाही.

त्या गुहेवर उभ्या असलेल्या इमारतीत हे सगळे थरांनी बघायला मिळते. बाहेरची भिंत हेरोद राजाच्या काळची, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. दगड इतके प्रचंड की खाली उभा राहणारा माणूस खुजा वाटतो. आत आधी बायझंटाईनांनी चर्च केले, अरबांच्या काळात त्याची मशीद झाली, क्रुसेडरांनी पुन्हा चर्च केले आणि ११८७ नंतर सलाहुद्दीनच्या काळात पुन्हा मशीद झाली. त्याने तिथे आणलेला लाकडी मिंबर, म्हणजे मशिदीतले प्रवचनाचे आसन, १०९१ मध्ये अस्कलानच्या दर्ग्यासाठी घडवलेला, त्यावरचे कोरीवकाम आजही शाबूत आहे. पुढे तेराव्या शतकात मामलुक सुलतानांनी मुस्लिमेतरांना आत यायला बंदी केली. ज्यूंनी बाहेरच्या जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत यायचे आणि तिथूनच प्रार्थना करायची. ही पायरी १९६७ पर्यंत टिकली. सातशे वर्षे आपल्या पूर्वजाच्या कबरीबाहेर पायरीवर उभे राहायचे म्हणजे काय, हे समजून घेतल्याशिवाय हेब्रॉनमधल्या ज्यूंच्या मनातली सल समजणार नाही.

तरी ज्यू त्या शहरात राहत होते. १५४० मध्ये बांधलेले त्यांचे अव्राहम अवीनू सिनेगॉग आहे, १८९३ मध्ये बांधलेली बेत हदासाची इमारत आहे. मग २४ ऑगस्ट १९२९ उजाडला. जेरुसलेममध्ये अल-अक्सा मशिदीवर हल्ला झाल्याच्या अफवा पसरल्या आणि हेब्रॉनमध्ये जमावाने ६७ ज्यूंना ठार केले. त्याच दिवशी अनेक अरब कुटुंबांनी ज्यू शेजाऱ्यांना घरात लपवले, दारात उभे राहून जमावाला परत लावले. वाचलेल्यांत शेकडो जण असे शेजाऱ्यांमुळे वाचलेले होते. ब्रिटिशांनी उरलेल्या ज्यूंना शहरातून हलवले. काही जण १९३१ मध्ये परतले, १९३६ मध्ये त्यांनाही बाहेर काढले.

१९४८ ते १९६७ तिथे जॉर्डनची सत्ता होती, १९६७ च्या युद्धानंतर इस्रायलची आली. पुढच्याच वर्षी रब्बी मोशे लेविंगर आणि त्यांच्याबरोबरचे लोक वल्हांडण सणासाठी हेब्रॉनमधल्या एका हॉटेलात उतरले आणि नंतर जायला तयारच झाले नाहीत. त्यातून शहराला लागून किर्यात अर्बा ही वसाहत उभी राहिली. १९७९ मध्ये काही बायका मुलाबाळांना घेऊन बेत हदासात शिरल्या आणि शहराच्या पोटातच वस्ती सुरू झाली. १९२९ मध्ये उठवलेल्या ज्यूंची जागा आम्ही परत घेतो, हा त्यांचा दावा. त्या जुन्या कुटुंबांच्या काही वंशजांना मात्र तो मान्य नव्हता. आमच्या आजी-आजोबांना शेजाऱ्यांनी वाचवले होते आणि हे लोक आमच्या वतीने बोलत नाहीत, असे त्यांनी १९९० च्या दशकात जाहीर केले.

२५ फेब्रुवारी १९९४. रमजानचा महिना, पहाटेची नमाज. किर्यात अर्बामध्ये राहणारा डॉक्टर बारूख गोल्डस्टाईन लष्करी गणवेशात मशिदीत शिरला आणि त्याने सजद्यात वाकलेल्या लोकांवर पाठीमागून गोळीबार केला. २९ जण जागीच गेले. त्यानंतर इमारतीचे दोन भाग झाले. एकीकडे मशीद, एकीकडे सिनेगॉग, दारे वेगळी, प्रत्येक दारावर तपासणी. वर्षातले दहा दिवस पूर्ण इमारत ज्यूंना, दहा दिवस मुस्लिमांना. शहराचा मुख्य बाजार असलेला शुहदा रस्ता पॅलेस्टिनींसाठी हळूहळू बंद होत गेला आणि दुकानांच्या लोखंडी दारांना गंज चढला. मारले गेलेले मुस्लिम होते आणि रस्ताही मुस्लिमांचाच बंद झाला. हा अन्याय आहे, आणि तो तसाच म्हणायला हवा.

प्रश्न : ज्यूंनी जमिनी विकत घेतल्या होत्या असे वाचतो. मग कागद दाखवून जमीन परत मागण्यात चूक काय? (नाशिकहून एक वाचक)

उत्तर : कागदावर परत मागण्यात चूक नाही. बघायचे ते हे की तोच नियम दुसऱ्याला लागू आहे की नाही.

पूर्व जेरुसलेममधली शेख जर्राह ही वस्ती घ्या. तिथे शिमोन हत्सादिक या ज्यू धर्मगुरूची मानली जाणारी कबर आहे. ज्यू संस्थांनी १८७५-७६ मध्ये, ऑटोमन काळात, तिच्याभोवतीची जमीन विकत घेतली. १९४८ च्या युद्धात तिथले ज्यू निघून गेले आणि भाग जॉर्डनकडे गेला. त्याच युद्धात हैफा, याफा अशा शहरांतून पळालेली वा हाकललेली अरब कुटुंबे निर्वासित होऊन इकडे आली. १९५६ मध्ये जॉर्डन सरकार आणि संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था यांनी मिळून अशा २८ कुटुंबांना त्या जागेवर घरे बांधून दिली. बदल्यात त्यांनी निर्वासित म्हणून मिळणारी मदत सोडली. काही वर्षांनी घरे त्यांच्या नावावर व्हायची होती, पण १९६७ पर्यंत नोंद पुरी झाली नाही.

१९७० मध्ये इस्रायलने कायदा केला: पूर्व जेरुसलेममध्ये १९४८ आधी ज्यांची मालमत्ता होती आणि जॉर्डनच्या काळात जी सरकारी ताब्यात गेली, ती मूळ मालकांना परत मागता येईल. प्रत्यक्षात हा मार्ग ज्यूंनाच खुला झाला. १९७२ मध्ये त्या संस्थांनी जमीन आपल्या नावावर नोंदवली आणि पुढे खटले सुरू झाले. २००८-०९ मध्ये काही कुटुंबांना पोलिसांनी घराबाहेर काढले आणि तिथे लगेच ज्यू वसाहतवाले राहायला आले. २०२१ मध्ये आणखी कुटुंबांवर तीच वेळ आली तेव्हा जगभर निदर्शने झाली. मार्च २०२२ मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने चार कुटुंबांना मालकीचा निकाल लागेपर्यंत राहू दिले. भाडे वर्षाला २४०० शेकेल, तेही नाममात्र.

आता हाच चष्मा लावून पश्चिम जेरुसलेमकडे बघा. तल्बिया, कातमोन या भागांत १९४८ पर्यंत अरब कुटुंबांची दगडी घरे होती, कागदपत्रेही रीतसर. ते लोक युद्धात बाहेर पडले आणि १९५० च्या ‘गैरहजर मालमत्ता’ कायद्याने ती घरे सरकारी ताब्यात गेली. त्यांच्या वारसांनी, अगदी ऑटोमन काळचे खत आणले तरी, घर परत मिळत नाही. १९७३ च्या कायद्याने फार तर नुकसानभरपाईचा अर्ज करता येतो. एकाच शहरात, एकाच युद्धातून उठलेले दोन माणसांचे दावे, आणि एकाला घर परत मिळते, दुसऱ्याला मिळत नाही. शेख जर्राहच्या ज्यू खरेदीखताला मी खोटे म्हणत नाही, ते खरे आहे. पण एकाच बाजूचे कागद मानणारा कायदा मालकीचा कायदा राहत नाही. तो ज्याच्या हाती सत्ता त्याच्या सोयीचा होतो.

प्रश्न : आमच्या अलिबागजवळच्या गावातले बेने इस्रायल शेजारी साठच्या दशकात इस्रायलला गेले. त्यांचा या वादाशी काही संबंध येतो का? (रायगड जिल्ह्यातून एक वाचक)

उत्तर : येतो. कोकणात घाणी चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले गेलेले हे लोक आपल्या नवगाव-अलिबाग परिसरात शतकानुशतके राहिले आणि त्यांच्या ज्यू असण्याला कोणी आडकाठी केली नाही. इस्रायलमध्ये ते दिमोना, अशदोद, बेर्शेबा, रामला, लोद अशा गावांत स्थिरावले. त्यांच्या घरांत अजून मराठी बोलली जाते, ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही तिथून निघाले.

रामला आणि लोद ही जुलै १९४८ पर्यंत अरब शहरे होती. इस्रायली सैन्याने ती घेतल्यावर तिथल्या ५० हजारांहून अधिक रहिवाशांना, कित्येकांना भर उन्हात चालत, बाहेर काढले. कोकणातल्या ज्यूंनी कोणाला हाकलले नाही. ते गेले ते आपल्या लोकांच्या देशात जायचे म्हणून, आणि सरकारने दिले त्या गावात राहिले. आज त्यांची नातवंडे तिथे जन्मली, वाढली. त्यांना ‘निघा’ म्हणणे तितकेच चुकीचे आहे जितके लोदमधून हाकललेल्यांच्या नातवंडांना ‘विसरा’ म्हणणे. अरब देशांतून आलेल्या लाखो ज्यूंचीही तीच गोष्ट. बगदाद, काहिरा, सना इथली त्यांची घरेही कायमची गेली, आणि त्यांच्याही दाव्याची दखल कोणी नीट घेतली नाही.

म्हणून माझे मत सांगतो. तीन हजार वर्षांपूर्वीचा हक्क आज राहणाऱ्या माणसाला घराबाहेर काढायला पुरेसा नाही. चौदाशे वर्षांचा हक्कही शेजाऱ्याला त्याच्या देवस्थानाबाहेर सातव्या पायरीवर थांबवायला पुरेसा नाही. १९४८ आधीच्या मालकीवर दावे घ्यायचे ठरवले तर ते ज्यू आणि अरब दोघांचेही घ्यावेत. घ्यायचे नसतील तर कोणाचेच घेऊ नयेत, आणि शेख जर्राहमधल्या कुटुंबांना त्यांच्या घरात राहू द्यावे.