चेहऱ्यावरचे डाग आणि भारतातून आलेली ट्यूब

मंडळी, आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. दिवसभर कोडमधले बग शोधणारा माणूस. पण बग काढण्याआधी तो नक्की कुठला हे ठरवावं लागतं, आणि डागांच्या बाबतीत आपण नेमकं तेच करत नाही. गालावर काळं दिसलं की भारतातून येणाऱ्या पाहुण्यांना ट्यूब आणायला सांगून मोकळे!

चाळिशीनंतर चेहऱ्यावर आणि हातांच्या पाठीवर सपाट, स्पष्ट कडांचे तपकिरी ठिपके येतात. इंग्रजीत त्यांना 'लिव्हर स्पॉट' म्हणत असले तरी यकृताशी त्यांचा काडीचाही संबंध नाही. वर्षानुवर्षं ऊन लागलेल्या जागी मेलॅनिन हे रंगद्रव्य जास्त साठतं, इतकंच. आपल्या सावळ्या त्वचेत मात्र इतर प्रकारही भरपूर. दोन्ही गालांवर पसरट, धुरकट छटा असेल तर ते वांगाचे डाग. गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्यांमुळे ते वाढू शकतात. डोळ्यांखालचे मोहरीएवढे काळे उंचवटे बहुधा आनुवंशिक आणि निरुपद्रवी असतात. आणि मानेवरचा मखमली काळपटपणा हा मळ नव्हे, तो घासून जात नाही! शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची ती खूण असू शकते. तिथे क्रीम नको, रक्तातली साखर तपासा.

"आम्ही कुठे उन्हात जातो? घर, गाडी, ऑफिस!" असं आपण म्हणतो. पण गाडीची पुढची काच अतिनील 'ए' किरण बरेचसे अडवते, बाजूची काच अनेकदा अडवत नाही. २८ वर्षं ट्रक चालवलेल्या ६९ वर्षांच्या एका माणसाचा फोटो २०१२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला होता. खिडकीकडची, म्हणजे डावी बाजू इतकी सुरकुतलेली की दोन वेगळी माणसं वाटावीत. तेव्हा सनस्क्रीन रोज लावा, फक्त बीचवर नव्हे. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के 'बी' किरण अडवतं, ५० सुमारे ९८. त्या एका टक्क्यासाठी जास्त पैसे मोजण्यापेक्षा 'ब्रॉड स्पेक्ट्रम' लिहिलंय का ते बघा. चेहरा आणि मानेला दोन बोटांवर मावेल एवढं लागतं. वांगाच्या डागांना आयर्न ऑक्साइड असलेलं, रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन जास्त उपयोगी, कारण डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही ते गडद होतात.

आता ती ट्यूब. भारतात मिळणाऱ्या अशा बऱ्याच ट्यूबमध्ये हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड एकत्र असतात. औषध खोटं नाही, वांगाच्या डागांवर डॉक्टरही ते देतात, पण काही आठवडेच आणि देखरेखीखाली. आपण मात्र ते वर्षभर 'फेअरनेस क्रीम' म्हणून चोळतो. आधी चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, लाली येते, पुरळ उठतं, आणि थांबवलं की पहिल्यापेक्षा वाईट. हायड्रोक्विनोन फार काळ वापरलं तर निळसर काळे डाग पडतात, ते सहजी जात नाहीत. भारत सरकारने २०१८ साली १४ स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीची सक्ती केली. अमेरिकेत २०२० पासून हायड्रोक्विनोनही चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. लेबलवर 'मर्क्युरी' किंवा 'कॅलोमेल' दिसलं, किंवा लेबलच नसलं, तर ट्यूब वापरूच नका. हळद-बेसनाने फार बिघडत नाही, पण लिंबाचा रस लावून उन्हात जाऊ नका, नवे डाग पडतात.

लेझर करायचं तर सावळ्या त्वचेचा अनुभव असलेला डॉक्टर शोधा. नाहीतर डाग आणखी काळा होतो, आणि गोठवून काढला तर कधी पांढरा चट्टा राहतो.

एक डाग मात्र क्रीमचा नाहीच. अचानक वाढणारा, वेड्यावाकड्या कडांचा, दोन-तीन रंगांचा किंवा रक्त येणारा. गोऱ्यांपेक्षा आपल्यात त्वचेचा कर्करोग कमी, पण मेलॅनोमा झालाच तर तळवा, तळपाय किंवा नखाखाली व्हायची शक्यता जास्त. गायक बॉब मार्ले यांचा पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली सुरू झाला होता. १९८१ साली, वयाच्या ३६व्या वर्षी ते गेले. आईबाबा इथे राहायला आले की त्यांचे तळपायही एकदा उजेडात बघून घ्या. ते स्वतःहून दाखवणार नाहीत.