ट्रॅक्टर-मोटारीच्या रंगाला काय लावावे? मेण, सीलंट की कोटिंग



जामसांवली, सौंसर आणि पांढुर्ण्याच्या आसपास ज्यांची संत्र्याची बाग आहे, त्यांना बोर्डो मलम शिकवायला नको. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी घेऊन ते तयार करावे, पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा झाडाच्या बुंध्याला लावावे, म्हणजे डिंक्याला आळा बसतो. फवारणीसाठी तेच पातळ करून, शंभर लिटर पाण्याला एक-एक किलो, असे घेतात. मिश्रण बरोबर जमले की नाही हे पाहण्यासाठी विळ्याचे घासलेले पाते त्यात बुडवतात. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजून आणखी चुना घालतात.

हा तांबूस थर कसला? मोरचुदातले तांबे पात्यावर बसते आणि त्या हिशेबाने पात्याचे लोखंड विरघळून पाण्यात जाते. म्हणूनच मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवू नये असे सांगतात. ज्या ट्रॅक्टरवर आपण फवारणीचा पंप चालवतो, त्याच्या मडगार्डवर जिथे रंगाचा टवका उडाला आहे, तिथे मोरचुदाचे पाणी उडाले की हेच घडते. फरक इतकाच की तिथे पाते बुडवून कोणी पाहत नाही. तेव्हा गाडीच्या रंगाला काय लावावे हा प्रश्न शहरच्या मोटारवाल्यांपुरता नाही. आपला ट्रॅक्टर कर्जाचा असतो, आणि विकायला काढला की घेणारा आधी बोनेट आणि मडगार्डच पाहतो.

या प्रश्नाचे निमित्त असे की अलीकडे नवी मोटार किंवा मोटारसायकल घेणाऱ्याला दुकानातच ‘सिरॅमिक कोटिंग करून घ्या, चार-पाच वर्षे पाहायला नको’ असे सांगतात आणि त्याचे हजारो रुपये बिलात चढतात. संत्र्याचे पैसे हातात असले की माणूस हो म्हणतो. हो म्हणण्याआधी काय पाहावे, ते या पाठात घेऊ.

प्रथम रंग कसा असतो ते समजून घ्यावे. आजकालच्या मोटारीवर पत्र्याला लागून प्रायमर, त्यावर रंगाचा थर आणि सर्वांत वर बिनरंगी चकचकीत थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. हा वरचा थर सुमारे चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीहूनही कमी. अनेक ट्रॅक्टरांना आणि गावच्या गॅरेजमध्ये रंगवलेल्या जुन्या गाड्यांना हा वेगळा थर नसतो, रंग एकाच जातीचा असतो. ओळखायचे कसे? पांढऱ्या फडक्याला थोडे पॉलिश घेऊन कोपऱ्यावर घासावे. फडके गाडीच्या रंगाचे झाले तर वर बिनरंगी थर नाही.

इथेच एक मोठा घोटाळा होतो. पॉलिश आणि मेण या दोन गोष्टी आपल्याकडे एकच समजल्या जातात. पॉलिश किंवा रबिंग कंपाउंड हे बारीक खर असलेले असते, ते रंग घासून काढते. चमक येते ती वरचा खराब भाग निघून गेल्यामुळे. मेण काही काढत नाही, वर बसते. दर पोळ्याला, दर नाताळला गाडीला रबिंग करून चमकवणारा मनुष्य आपल्याच हाताने रंग पातळ करीत असतो. रबिंग वर्षानुवर्षांतून एखाद्या वेळी, तेही फिकट पडलेल्या जागेपुरते असावे.

आता तीन लेपांकडे वळू.

मेणांत सर्वांत नावाजलेले कार्नाउबा. ब्राझीलच्या ईशान्येकडील कोरड्या प्रदेशात या नावाचा ताडाच्या कुळातला वृक्ष होतो. पानातले पाणी उडून जाऊ नये म्हणून तो पानांवर मेण धरतो. पाने कापून वाळवतात, झोडपतात आणि निघालेली भुकटी वितळवतात. हे मेण सुमारे ८२ ते ८६ अंशांवर वितळते, मधमाश्यांचे मेण मात्र ६२ ते ६४ अंशांवरच. वैशाखातल्या दुपारी काळ्या बोनेटला हात लावून पाहिला असेल त्याला या फरकाचे मोल कळेल. आपल्याला हे मेण अगदीच परके नाही. दूरच्या बाजारात जाणाऱ्या फळांना ताजेपणासाठी जो पातळ थर देतात, त्यासाठी आपल्या देशात मधमाशीचे मेण, कार्नाउबा आणि लाख यांना परवानगी आहे. मात्र गाडीच्या डब्यातल्या मेणात इतर द्रावक असतात, ते फळाला कधीही लावू नये. जाता जाता हेही सांगावेसे वाटते की ही पाने कापणारे काही मजूर गुलामगिरीसारख्या स्थितीत राबताना ब्राझीलच्या सरकारी तपासनीसांना आढळले आहेत. चकाकणाऱ्या वस्तूमागे कोणाचे हात असतात, हे शेतात राबणाऱ्यांना निराळे सांगायला नको.

मेण स्वस्त, लावायला सोपे. चुकले तरी पुसून पुन्हा लावता येते. उणीव एवढीच की ते टिकत नाही. सावलीत उभ्या गाडीवर दोन-तीन महिने, आपल्या उन्हात आणि धुळीत त्याहून कमी.

सीलंट म्हणजे कारखान्यात बनवलेला सिलिकोन किंवा तत्सम पदार्थांचा लेप. मिळतो बाटलीत, लावायची रीत मेणासारखीच. उष्णता जास्त सोसतो आणि साधारण चार ते सहा महिने टिकतो. चमक मेणाइतकी खोल दिसत नाही असे हौशी लोक म्हणतात. आपल्याला त्याचे सुखदुःख नाही.

कोटिंगची गोष्ट निराळी. यात सिलिकायुक्त द्रव असतो, तो रंगाला चिकटून कडक होतो आणि मग धुतल्याने निघत नाही. चांगल्या हाताने लावलेला असेल तर दोन-तीन वर्षे काम देतो, यात खोटे नाही. पण लावण्यापूर्वी रंग पूर्ण स्वच्छ आणि पॉलिश केलेला लागतो, कारण खालचा प्रत्येक ओरखडा आणि डाग त्याखाली तसाच बंद होतो. लावल्यावर काही दिवस पाणी आणि साबण चालत नाही. आणि मुख्य म्हणजे त्याची जाडी एक-दोन मायक्रॉनच्या आसपास असते. दुकानात ‘९एच’ असा आकडा दाखवतात तेव्हा हिरा किंवा काच डोळ्यांपुढे येते. हा आकडा पेन्सिलीचा आहे. चित्रकलेच्या पेन्सिली एच, २एच अशा चढत्या कठीणपणाच्या मिळतात. ९एच पेन्सिलीने चरा पडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. चाकाखालून उडालेला खडा, ट्रॉलीच्या फळीवरून ओढलेले संत्र्याचे कॅरेट, बाभळीची फांदी, यांना हा थर अडवू शकत नाही. खडा अडवायचा तर जाड प्लास्टिकची पारदर्शक फिल्म असते, ती फार महाग. तिचा विचार आपण सोडून देऊ.

तिन्ही लेपांबद्दल एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. जिथे रंग उडून पत्रा उघडा पडला आहे तिथे यांतले एकही औषध नाही. गंजावर मेण लावले तर गंज मेणाखाली वाढत राहतो. आधी ती जागा पाण्याने ओली करून पॉलिश पेपरने गंज जाईपर्यंत घासावी, वाळवावी, लोखंडाचा प्रायमर द्यावा, त्यावर रंग द्यावा. मगच बाकीचे. आणि ही नव्याने रंगवलेली जागा, किंवा गावच्या गॅरेजमध्ये हवेवर वाळवलेली पूर्ण गाडी, निदान महिना-दोन महिने मेण-सीलंटशिवाय ठेवावी. आतले थिनर निघून जायला तेवढा अवधी लागतो, वर लेप बसवला तर ते कोंडते.

मग काय निवडावे? आमचे मत स्पष्ट आहे. ट्रॅक्टरला आणि ट्रॉलीला कोटिंग करणे म्हणजे गोठ्याला गालिचा अंथरणे. त्यांना बोनेट आणि मडगार्डपुरते सीलंट किंवा मेण पुरे. ट्रॉलीचा तळ आणि नांगराचे फाळ यांना ग्रीस. भाड्याने धावणाऱ्या जीपलाही तेच. मोटारसायकलच्या टाकीला सीलंट उत्तम, कारण पेट्रोल सांडते, गुडघे घासतात. कोटिंगचा विचार फक्त नवी मोटार असेल, पाच-सात वर्षे ठेवायची असेल आणि घरी हाताने नीट धुतली जाणार असेल तरच करावा. ज्याची गाडी आज ना उद्या नाक्यावरच्या मशीनखाली मातकट ब्रशने धुतली जाणार, त्याने ते पैसे बागेच्या ठिबकला लावावेत.

वेळापत्रक आपल्याजवळ तयारच आहे. बुंध्याला बोर्डो मलम लावायच्या आठवड्यातच गाडीलाही हात द्यावा: एकदा मृगापूर्वी, एकदा पावसाळा संपून आंबिया बहाराची संत्री निघायला लागण्यापूर्वी. सीलंट असेल तर हे दोन हात पुरतात. मेण असेल तर मध्ये आणखी एक-दोनदा. लेप उरला आहे की नाही हे पाण्याचे थेंब सांगतात. पाणी गोल थेंब होऊन ओघळले तर आहे, पसरून चिकटून राहिले तर गेला.

लावण्याची रीत अशी. गाडी सावलीत, पत्रा थंड असताना घ्यावी. आधी नुसत्या पाण्याने धूळ सोडवावी, कोरडी धूळ फडक्याने कधी पुसू नये. मग गाडीच्या शाम्पूने धुवावे. कपड्याच्या पावडरीने पूर्वीचा लेप निघून जातो, म्हणून नवा लेप देण्यापूर्वी एकदा चालेल, रोजच्या धुण्याला नको. बोअरचे पाणी जड असेल तर पुसून घ्यावे, नाहीतर पांढरे डाग बसतात. कोटिंगवालीही त्यातून सुटत नाही. हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून रंगावर फिरवली की राहिलेली खरखर चटकन कळते. मग एका वेळी हातभर जागेत अगदी पातळ थर द्यावा, धूसर झाला की स्वच्छ मऊ फडक्याने पुसावा. जाड थर जास्त टिकतो ही समजूत चुकीची आहे, तो फक्त पुसायला त्रास देतो. मोटारसायकलची सीट, पायदाने, टायर आणि ब्रेकची चकती यांना मेणाचा किंवा सीलंटचा स्पर्शही होऊ देऊ नये. घसरून किंवा ब्रेक न लागून जीव जाईल. बिनचमकीच्या, मॅट रंगालाही साधे मेण नको, चट्टे पडतात.

या सगळ्याहून जास्त उपयोग मात्र एका फुकटच्या कामाचा आहे. खत टाकून किंवा फवारणी करून आल्यावर त्याच संध्याकाळी ट्रॅक्टर साध्या पाण्याने धुवावा. युरिया हवेतले पाणी ओढून ओला राहतो. म्युरेट ऑफ पोटॅश हे पोटॅशियम क्लोराइड आहे. मिठातला जो क्लोराइड लोखंड खातो तोच यातही आहे. पक्ष्यांची विष्ठा दिसली की ओल्या फडक्याने भिजवून काढावी, उन्हात वाळू देऊ नये. चिंचेच्या किंवा पिंपळाच्या सावलीपेक्षा टिनाच्या शेडची सावली बरी ती यासाठी. उन्हाने रंग पांढुरका पडतो तो मेणाने फारसा थांबत नाही, शेडने थांबतो. नव्या गाडीला घातलेल्या हाराची तारही घरी पोचताच काढावी. पहिला चरा बहुधा तिचाच असतो.

आता आरोग्याचे. नांगराला जळके ऑइल हाताने चोपडण्याची सवय अनेकांना आहे. वापरलेल्या इंजिन ऑइलचा कातडीशी वर्षानुवर्षे संबंध आला तर कातडीचा कर्करोग होऊ शकतो. त्याऐवजी ग्रीस वापरावे, आणि जळके वापरायचेच तर हातमोजे घालावेत. हात पेट्रोलने किंवा थिनरने धुऊ नयेत. कोटिंगचा द्रव उघड्यावर, हातमोजे घालूनच हाताळावा. गॅरेजमध्ये हार्डनर मिसळून फवारतात त्या दोन डब्यांच्या रंगात आयसोसायनेट नावाचे द्रव्य असते. त्याच्या तुषारांनी कायमचा दमा जडू शकतो आणि तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही. आपली जी मुले सौंसर-नागपूरकडे रंगकामाला जातात, त्यांच्या आईवडिलांनी मालकाला योग्य मास्क आहे का, हे जरूर विचारावे. जुन्या गाडीचा रंग कोरडा घासू नये. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमवर आणणारा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, पण तो घरगुती व सजावटीच्या रंगांपुरता आहे. गाडीच्या जुन्या पिवळ्या-तांबड्या रंगात आणि शेंदरी प्रायमरमध्ये शिसे असू शकते, आणि त्या धुळीत खेळणारे मूल ते पोटात घेते. म्हणून ओले करून घासावे, मुलांना दूर ठेवावे, कपडे वेगळे धुवावेत.

फवारणीच्या पंपाने गाडी धुणारेही काही आहेत. पंपात औषधाचा अंश राहतो आणि तुषार तोंडावर येतात, तेव्हा धुण्याची बादली निराळी असावी. जाम नदीच्या पात्रात किंवा नाल्यात ट्रॅक्टर उभा करून धुऊ नये. खाली कोणाची तरी जनावरे तेच पाणी पितात. बांधाच्या आत, विहिरीपासून दूर, मुरमाड जागेवर धुवावे, आणि मेण-सीलंटचे रिकामे डबे चुलीत टाकू नयेत.