तांदूळ कुठला आणि सडला किती?

वाशीच्या दाणाबाजारात कधी गेलात, तर पोत्यांवर खोचलेल्या पाट्या जरूर वाचा. हरियाणाचा बासमती, कोलम आणि एखाद्या कोपऱ्यात कोकणातला तांबूस उकडा तांदूळ. मॉलमध्ये थायलंडचा जास्मिनही मिळतो. भाव पाहून वाटेल की, जितका लांबचा आणि पांढराशुभ्र, तितका तांदूळ पौष्टिक. हे खरे का?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली छापलेले तक्ते पाहू. १०० ग्रॅम तांदळात ब-१ जीवनसत्त्व किती? नुसते तूस काढलेल्या, न सडलेल्या तांदळात सुमारे ०.२७ मिलिग्रॅम, सडलेल्या पांढऱ्या तांदळात अवघे ०.०५, आणि उकडा करून सडलेल्यात ०.१७. प्रथिनांत मात्र एवढी तफावत नाही. म्हणजे मोठा फरक पडतो तो गिरणीत. ब-१ मुख्यतः दाण्यावरच्या कोंड्यात आणि अंकुरात असते. पॉलिश करताना ते निघून जाते.

हे कोड्यासारखे पहिल्यांदा दिसले जावा बेटावर. १८९० च्या सुमारास डॉ. आइकमान यांना पांढऱ्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्या लटपटताना आढळल्या. न सडलेला तांदूळ दिल्यावर त्या बऱ्या झाल्या. माणसांच्या बेरीबेरी रोगाचे कारण शोधण्याची वाट त्यातून सापडली. १९२९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

मग उकडा तांदूळही गिरणीत सडतात, तरी त्यात ब-१ कसे उरते? भात तुसासकट भिजवून वाफवतात. ब-१ पाण्यात विरघळते आणि पाण्याबरोबर कोंड्यातून दाण्याच्या आत झिरपते. पिष्ट फुगून चिकटते व वाळल्यावर घट्ट होते. नंतर वरचा थर घासला गेला तरी आतले बरेचसे टिकते.

याची खूण घरीच पाहा. काळ्या कागदावर साधे आणि उकडे दाणे ठेवा. साध्यातल्या काही दाण्यांच्या पोटात खडूसारखा पांढरा डाग दिसेल. तेथे पिष्टाच्या कणांमध्ये हवेच्या फटी असतात. त्यांवर प्रकाश विखुरतो. चांगल्या उकड्या दाण्यात त्या फटी बुजलेल्या असतात, म्हणून तो काचेसारखा दिसतो. (आम्हा भौतिकीवाल्यांना भातातही प्रकाशच दिसतो!)

'आपला' तांदूळ म्हणून तो आपोआप श्रेष्ठ ठरत नाही. खाऱ्या जमिनीसाठी पनवेलच्या संशोधन केंद्राने काढलेला 'पनवेल-१' घ्या किंवा देहरादूनचा बासमती. दोन्ही पांढरेफेक सडले, तर दोघांचेही ब-१ जाणार. लाल तांदळाचा रंगसुद्धा कोंड्यातच असतो. बासमतीचा सुवास आपल्या आंबेमोहोरातही असतो. त्याचा पोषणाशी संबंध नाही.

ताटात डाळ, शेंगदाणे, भाजी रोज असेल, तर ब-१ तेथूनही मिळते. पण ज्या घरी दोन्ही वेळा भातच मुख्य, तेथे हा फरक मोठा ठरतो. माझी आजी उकड्याच्या भाताचे पाणी फेकू देत नसे. मीठ घालून त्याची पेज आम्हांला प्यायला लागे. लहानपणी त्या पेजेचा मला भारी कंटाळा होता.