कोळशाच्या गावची माणसे

भिंतीवर जगाचा नकाशा असेल तर जरा जवळ जाऊन पाहा. आपल्या देशाच्या पश्चिमेला समुद्र आहे. समुद्रापलीकडे अरबस्तान, आणि त्याच्याही वर, डाव्या अंगाला, युरोप खंड. युरोपच्या कडेला समुद्रात एक मोठे बेट दिसते. त्या बेटाच्या बऱ्याच मोठ्या भागाला इंग्लंड म्हणतात. इंग्लंडच्या उत्तर टोकाकडे, समुद्रापासून थोड्याच अंतरावर, ॲशिंग्टन नावाचे गाव आहे. नकाशावर ते दिसायचे नाही. एवढे ते लहान. आजही तिथे तीस हजारांच्या आतच माणसे राहतात.

पण या एका गावाने जगाला काय दिले, ते ऐका. फुटबॉलमध्ये जग जिंकणारे दोन सख्खे भाऊ दिले. त्यांचा नामांकित मामा दिला. क्रिकेटचे दोन वेगवान गोलंदाज दिले. आणि दिवसभर खाणीत राबून रात्री चित्रे काढणारे कामगारही दिले.

हे कसे झाले? तिथले पाणी वेगळे होते का? चला, आपण पाहू.

जमिनीखालची पाळी

दीडपावणेदोनशे वर्षांपूर्वी तिथे थोडी शेती आणि चार घरे होती. पुढे जमिनीत दगडी कोळसा सापडला. खाणी निघाल्या. कामाला माणसे आली. खाणमालकांनी कामगारांसाठी विटांच्या घरांच्या लांबच लांब ओळी बांधल्या. ओळींना नावे तरी काय? पहिली ओळ, दुसरी ओळ, तिसरी ओळ! अशा अकरा ओळी झाल्या. जगातले सर्वांत मोठे खाणगाव, असे लोक ॲशिंग्टनला म्हणू लागले.

खाणीतले काम सोपे नव्हे, बरे का. पाळण्यात बसून खोल उतरायचे. वर सूर्य उगवो की मावळो, खाली अंधारच. कुठे उभे राहता येत नाही, तर कुशीवर पडून कोळसा फोडायचा. धुळीने छाती भरायची. कधी वायूचा भडका उडायचा. १९१६ सालच्या ऑगस्टमध्ये शेजारच्या वुडहॉर्न खाणीत असाच स्फोट झाला आणि १३ माणसे गेली.

गावातला मुलगा शाळा सुटली की खाणीत जायचा. बाप खाणीत, म्हणून लेकही खाणीत. दुसरी वाट फारशी नव्हतीच. म्हणून पोरे उजेडात असताना मोकळ्या जागी जीव तोडून खेळायची. चेंडूला पैसे लागत नाहीत. पाय असले म्हणजे झाले.

आमचा जॅकी

जॅकी मिलबर्न याच गावात १९२४ साली जन्मला. खाणीत तो यंत्रे जोडण्या-दुरुस्तीचे काम करी. पळण्यात मोठा चपळ. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४३ साली, न्यूकॅसल शहराच्या संघाने त्याला परीक्षेला बोलावले. उसने बूट घेऊन तो गेला, असे सांगतात. त्याचा खेळ पाहून संघाने त्याला ठेवून घेतले.

पुढे त्या संघासाठी त्याने २०० गोल केले. इंग्लंडात फुटबॉलची एक मोठी ढाल असते. न्यूकॅसलने ती १९५१, १९५२ आणि १९५५ अशी तीनदा जिंकली. तिन्ही वेळा जॅकी संघात होता. १९५५ च्या अंतिम सामन्यात तर पहिले मिनिट पुरे व्हायच्या आत, पंचेचाळीस सेकंदांत, त्याने गोल मारला! प्रेक्षक जागेवर नीट बसलेही नसतील.

त्या मुलखातले लोक त्याला आपल्या बोलीत 'आमचा जॅकी' म्हणत. एवढा मोठा झाला, पण डोक्यात वारे गेले नाही. म्हणून तो लोकांना आपला वाटला. १९८८ साली तो वारला, तेव्हा त्याला निरोप द्यायला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसांची दाटी झाली होती.

दोन भाऊ

जॅकीची चुलतबहीण सिसी. तिचे चार सख्खे भाऊ पेशाने फुटबॉल खेळत. सिसीलाही खेळ चांगला कळे. तिचा नवरा रॉबर्ट चार्लटन खाणकामगार. त्याला फुटबॉलची तेवढी आवड नव्हती. तेव्हा मुलांना खेळाचे वेड लावले ते आईने आणि मामांनी. शेजारपाजारच्या पोरांनाही ती खेळाच्या चार गोष्टी सांगे. त्या काळी बाईने चेंडूच्या मागे लागावे, हे किती जणांना रुचले असेल? पण सिसीने लोकांच्या बोलण्याकडे पाहिले नाही.

थोरला जॅक १९३५ सालचा. धाकटा बॉबी १९३७ सालचा. जॅक पंधराव्या वर्षी शाळेतून निघाला आणि रीतीप्रमाणे खाणीत गेला. थोडेच दिवस गेला. तिथला अंधार आणि धूळ पाहून त्याने ठरवले, हे आपले आयुष्य नव्हे. त्याने सरळ काम सोडले. मग त्याच्यापुढे दोन दारे उघडली. एक पोलिसाच्या नोकरीचे, दुसरे लीड्स शहराच्या फुटबॉल संघाचे. तो लीड्सला गेला आणि वीस वर्षे त्याच एका संघाकडून खेळला.

बॉबी मँचेस्टर युनायटेड या संघात गेला. त्याच्यावर एक भयंकर प्रसंग आला. १९५८ सालच्या ६ फेब्रुवारीला त्याचा संघ परदेशातला सामना खेळून विमानाने परत येत होता. वाटेत जर्मनीतल्या म्युनिक शहरी विमान तेल भरायला उतरले. धावपट्टीवर बर्फाचा चिखल झाला होता. दोनदा विमान उडाले नाही. तिसऱ्यांदा ते आदळले. २३ माणसे दगावली. त्यात आठ खेळाडू बॉबीचे सोबती होते. बॉबी खुर्चीसकट बाहेर फेकला गेला आणि वाचला. तेव्हा तो अवघा वीस वर्षांचा होता.

दवाखान्यातून तो आईकडे, ॲशिंग्टनला आला. ज्या गल्लीत वाढला, तिथे पोरांबरोबर पुन्हा चेंडूला पाय लावला. आणि अपघाताला महिना व्हायच्या आत तो मैदानात उतरला. गेलेले सोबती तो जन्मभर विसरला नाही. दहा वर्षांनी, १९६८ साली, त्याच्या संघाने युरोपातली सर्वांत मोठी ढाल जिंकली. त्या सामन्यात चारांपैकी दोन गोल बॉबीचे होते.

त्याआधी १९६६ साल उजाडले. फुटबॉलची जागतिक स्पर्धा इंग्लंडात भरली. इंग्लंडच्या संघात हे दोघे भाऊ एकदम! उपान्त्य सामन्यात पोर्तुगालला इंग्लंडने २ विरुद्ध १ गोलांनी हरवले. दोन्ही गोल बॉबीने मारले. सारा देश नाचत होता. आणि त्यांचा बाप कुठे होता? जमिनीखाली, खाणीत. त्याची पाळी होती. लेक जग गाजवत होते, पण त्याने पाळी चुकवली नाही.

३० जुलै १९६६ रोजी इंग्लंडने पश्चिम जर्मनीला ४ विरुद्ध २ गोलांनी हरवून जगज्जेतेपद मिळवले. खाणकामगाराच्या घरात एकाच दिवशी दोन जगज्जेते झाले. जॅक २०२० साली गेला, बॉबी २०२३ साली.

चेंडू आणि यष्ट्या

आता क्रिकेटकडे वळू. ते तर आपल्या घरचेच झाले आहे.

स्टीव्ह हार्मिसन १९७८ साली ॲशिंग्टनमध्ये जन्मला. ताडमाड उंच. मार्च २००४ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध त्याने अवघ्या १२ धावांत ७ गडी बाद केले. समोरचा सारा संघ ४७ धावांत आटोपला. कसोटीत त्याने दोनशेच्या वर बळी घेतले. पण हा माणूस परदेशी गेला की घराच्या आठवणीने कासावीस होई. पुढे त्याने आपल्या मनाच्या आजाराविषयी उघडपणे सांगितले. शरीर दणकट, म्हणून मनाला दुखत नाही असे थोडेच असते? दुखले तर बोलावे. लपवू नये.

दुसरा मार्क वुड, १९९० सालचा. अंगाने फारसा मोठा नाही, पण ताशी १५० किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने चेंडू टाकलेला. २०१९ साली जगज्जेत्या झालेल्या इंग्लंडच्या संघात तो होता. आपल्याकडे तो लखनौच्या संघाकडूनही खेळला. १ एप्रिल २०२३ रोजी त्याने १४ धावांत ५ गडी टिपले. मोठा गमत्या गडी. नसलेल्या घोड्यावर बसल्यासारखा मैदानात दौडतो आणि लोकांना हसवतो.

रात्रीचा वर्ग

आता या धड्यातली आमच्या सर्वांत आवडीची गोष्ट.

१९३४ साली ॲशिंग्टनच्या काही खाणकामगारांनी रात्रीचा वर्ग काढला. प्रौढांसाठीच्या एका शिक्षणसंस्थेने मदत केली. चित्रे कशी पाहावी, ते शिकायचे असे ठरले. न्यूकॅसलहून रॉबर्ट लायन नावाचे चित्रकलेचे शिक्षक आले. त्यांनी जुन्या थोर चित्रकारांची चित्रे दाखवली. पण कामगारांना त्यात गोडी वाटेना. लायन गुरुजी शहाणे. ते रागावले नाहीत. त्यांनी सांगितले, तुम्ही स्वतःच चित्रे काढा, म्हणजे कळेल.

कामगार घरी चित्र काढीत आणि वर्गात आणीत. मग सगळे मिळून त्यावर बोलत. भारी सामान कुठले? फळीच्या तुकड्यावर भिंतीला द्यायचा रंग लावूनही ते चित्र करीत. काय रंगवले त्यांनी? खाणीतला अंधार. कोळसा ओढणारी तट्टे. घरची न्हाणी. परसातली भाजी. पाळलेली कबुतरे. त्यांच्यात ऑलिव्हर किलबर्न नावाचा कामगार होता. तो तेराव्या वर्षी खाणीत लागला होता. जे रोज पाहिले, तेच त्याने रंगवले. बाहेरच्या चित्रकाराला ते साधले नसते, कारण तो कधी खाली उतरलाच नव्हता.

दोनच वर्षांत न्यूकॅसलला त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. हे मंडळ १९८४ पर्यंत, म्हणजे पन्नास वर्षे, चालले. २००७ साली ली हॉल या नाटककाराने त्यांच्यावर नाटक लिहिले. ते लंडनला आणि अमेरिकेतही झाले.

आमच्या वर्गात एक आजोबा म्हणाले होते, "मास्तर, कुदळीची सवय झालेली बोटं ही. पेन्सिल धरवत नाही." आम्ही त्यांना ॲशिंग्टनची ही गोष्ट सांगितली. आजोबा गप्प बसले. दुसऱ्या दिवशी ते सर्वांच्या आधी येऊन बसले होते.

खाण बंद झाली

१९८१ साली वुडहॉर्नची खाण बंद झाली. १९८८ साली ॲशिंग्टनची. ज्या कामावर गाव उभे होते, ते कामच गेले. हजारो हात रिकामे झाले. गावाची आगगाडी तर १९६४ सालीच थांबली होती. गावाने वाईट दिवस काढले. ते लपवण्यात अर्थ नाही. खेळाडूंच्या कीर्तीने घरोघरची चूल पेटत नाही.

पण गाव संपले नाही. वुडहॉर्नच्या जुन्या खाणीच्या जागी संग्रहालय झाले. कामगारांची चित्रे तिथे आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये, साठ वर्षांनी, न्यूकॅसलची आगगाडी पुन्हा गावात आली.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर तुम्हीच द्या. तिथले पाणी वेगळे होते का? आम्हाला तसे वाटत नाही. तिथे खेळ समजणारी एक आई होती. आधीच्या माणसाला पाहून पुढचा शिकत होता. आणि थकून आल्यावरही काहीतरी शिकावे, असे वाटणारी माणसे होती. अशी माणसे आपल्याही गावात असतात. त्यांना ओळखायला मात्र हवे.

शब्दांचे अर्थ

पाळी – कामाची ठरलेली वेळ.
पाळणा – खाणीत माणसांना खाली-वर नेणारा पिंजरा.
उपान्त्य – शेवटच्या आधीचा.
दगावणे – मरण पावणे.
संग्रहालय – जुन्या व मोलाच्या वस्तू जपून ठेवण्याची जागा.

विचार करा आणि सांगा

१. ॲशिंग्टन गाव कशामुळे वाढले?
२. जॅक चार्लटनने खाणीतले काम का सोडले? तुम्ही त्याच्या जागी असता तर काय केले असते?
३. लेक जिंकत होते तेव्हा बाप कुठे होता? त्याने केले ते बरोबर की चूक? वर्गात बोला.
४. लायन गुरुजींनी शिकवण्याची रीत का बदलली?
५. तुमच्या रोजच्या कामावर पाच ओळी लिहा. चुका झाल्या तरी चालतील. पुढच्या वेळी त्या सर्वांना वाचून दाखवा.