नेटवर्कची यादी एआय एजंटच्या हाती देताय? आधी खर्च बघा

रत्नागिरीच्या मिरजोळे एमआयडीसीत तुमचं मासळी प्रक्रियेचं, आंबा पल्पचं किंवा इंजिनिअरिंगचं युनिट असेल, तर 'एआय एजंट तुमचं नेटवर्क सांभाळेल' असं कोटेशन आज ना उद्या टेबलावर येईल. एजंटला लागतात दोन गोष्टी: उपकरणांची नोंदवही, आणि ती कशी वाचायची हे सांगणारा लेखी कागद. नोंदवहीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. कागदाचे पैसे कोटेशनमध्ये बहुधा धरलेलेच नसतात, आणि काम तिथेच अडतं.

तुमच्याकडे पंधरा-वीसच उपकरणं असतील तर साधं स्प्रेडशीट पुरे. त्याहून जास्त असतील, दोन-तीन शेड असतील, तर नेटबॉक्स हे नोंदवहीचं सॉफ्टवेअर घ्या. ते मुक्तस्रोत आहे, २०१६ पासून खुलं आहे, लायसन्स फी शून्य. त्याला लागणारा डेटाबेसही फुकट. जोडलेली उपकरणं शोधायला एनमॅप आहे, तुमच्या स्वतःच्या वापरासाठी तेही फुकट. एजंटला नेटबॉक्सशी जोडणारा एमसीपी सर्व्हर नेटबॉक्स लॅब्जनेच खुला करून ठेवलाय आणि तो फक्त वाचतो, लिहीत नाही. तेव्हा कोटेशनमध्ये 'लायसन्स' किंवा 'कनेक्टर विकसन' अशी ओळ दिसली की कशाचे पैसे, ते विचारा. बसवणावळ, बॅकअप आणि प्रशिक्षणाचे पैसे मात्र रास्त आहेत, ते द्या.

आता लपलेले खर्च. १८ टक्के जीएसटी वेगळा: १०,००० चं काम ११,८०० ला पडतं. बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक हवाच, नाहीतर इनपुट क्रेडिट गेलं. क्लाउड सेवा परदेशी कंपनीकडून थेट घेतली, तर रिव्हर्स चार्जने जीएसटी तुम्हीच भरायचा, शिवाय कार्डावरचा परकीय चलनाचा अधिभार. वर्गणी 'दर उपकरणामागे' असेल तर उपकरण म्हणजे काय ते लिहून घ्या. नाहीतर प्रत्येक कॅमेरा, हजेरीचं बायोमेट्रिक यंत्र, कामगाराचा मोबाइलसुद्धा मोजला जातो. आणि एआयची मासिक चॅट वर्गणी वेगळी, एजंट चालवण्याचं एपीआय बिल वेगळं. दुसरं वापरावर चढतं, म्हणून खर्चाची कमाल मर्यादा पहिल्याच दिवशी लावून घ्या.

काय तयार ठेवाल? खरेदीची बिलं (सिरियल नंबरसकट), वॉरंटी कार्डं, इंटरनेट कंपनीचं बिल आणि स्थिर आयपी दिल्याचं पत्र, शेडचा नकाशा, कॅमेरे आणि बायोमेट्रिक बसवणाऱ्याचा नंबर. राउटरचा पासवर्ड केबलवाल्याकडेच असेल तर आधी तो मागून घ्या, त्यासाठी 'व्हिजिट चार्ज' लागू शकतो.

नोंदणीचं काम कधी कराल? मासळीवाल्यांनी १ जून ते ३१ जुलै, मासेमारी बंदीच्या काळात. पल्पवाल्यांनी हंगाम उरकल्यावर. पावसाळ्यात विजेने कुठला पोर्ट उडाला तेही याच फेरीत कळतं. एका स्विचभोवतीच्या साध्या नेटवर्कचं पिंग स्कॅन काही मिनिटांत होतं. वेळ जातो तो लेबलं चिकटवण्यात आणि 'हा डबा कुणाचा' हे विचारण्यात. फ्रीझर किंवा कोल्ड स्टोरेज चालवणारे नियंत्रक (पीएलसी) मात्र स्कॅनमधून वगळा. जुने पीएलसी अशा चाचपणीने अडकून पडतात, आणि मग बिल मालाचं येतं. त्यांची नोंद हाताने करा.

हातांची गरज असेल तर मिरजोळे ब्लॉकमध्येच फिनोलेक्स अकॅडमी हे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. विभागाला पत्र देऊन प्रकल्पासाठी विद्यार्थी मिळतात का ते विचारा. लेबलं आणि नोंदी त्यांच्याकडे द्या, पासवर्ड देऊ नका.

आता तो कागद. कंत्राटदार 'डॉक्युमेंटेशन दिलंय' म्हणून नेटबॉक्सचं छापील मॅन्युअल हातात ठेवेल. ते माणसासाठी आहे. एजंटसाठी प्रत्येक कामाला चार ओळी हव्यात: हे साधन कधी वापरायचं, कधी नाही, काय विचारायचं, आणि उत्तर रिकामं आलं तर काय समजायचं. 'उपकरण सापडलं नाही' आणि 'सर्व्हर बंद आहे' यांत फरक आहे. तो लिहिला नसेल तर एजंट दुसऱ्याला पहिलं समजून तुम्हाला खुशाल सांगेल की अमुक स्विच अस्तित्वातच नाही. आणखी एक सापळा: नेटबॉक्स मुळात एका पानावर ५० च नोंदी देतं. तुमच्याकडे ८० उपकरणं असली तरी पहिलं पान वाचून एजंट '५०' म्हणू शकतो. एकूण संख्या 'काऊंट'मधून घ्यायची आणि 'नेक्स्ट' रिकामं होईपर्यंत पानं उलटायची, हे कागदावर हवंच. सोबत कुठले रकाने मागवायचे तेही लिहा. सगळे मागवले की एपीआय बिल फुगतं.

'फक्त वाचा' असं कागदावर लिहून भागत नाही, ती एजंटला केलेली विनंती झाली. खरं कुलूप टोकनमध्ये, म्हणजे एजंटला नेटबॉक्समध्ये शिरायला दिलेल्या किल्लीत असतं. नेटबॉक्सचं टोकन बनवताना लिहिण्याची परवानगी काढून टाका, मुदत घाला आणि ते कुठल्या आयपीवरून चालेल ते ठरवा. तिन्हींची सोय आतच आहे, वेगळे पैसे लागत नाहीत. पासवर्ड नोंदवहीच्या शेऱ्यात लिहू नका, एजंट ते वाचतो.

तुमची कंपनी असेल तर सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचे एप्रिल २०२२ चे निर्देश लागू आहेत: सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस ठेवायचे. नोंदवही अद्ययावत नसेल तर सहा तास 'कुठला डबा' शोधण्यातच जातात. म्हणून दर तिमाहीची फेरतपासणी वार्षिक देखभाल करारात (एएमसी) लिहून घ्या, 'मागितल्यास' नव्हे.

शेवटचा हप्ता रोखून ठेवा. कंत्राटदारासमोर बसून एजंटला तीन गोष्टी विचारा: एकूण उपकरणं किती, कुणाची वॉरंटी या वर्षी संपते, आणि मुद्दाम चुकीचं नाव देऊन ते उपकरण कुठे आहे. तिसऱ्याला 'सापडलं नाही' असं उत्तर आलं आणि पहिली दोन तुमच्या बिलांशी जुळली, तरच चेकवर सही करा.