तापाची तारीख लिहून ठेवा

चिकुनगुन्याचा ताप आठवडाभरात उतरतो, पण सांधे धरून ठेवतो. आपल्याकडे हा आजार नवा नाही. बार्शीत १९७३ सालीच त्याची साथ येऊन गेली. तरी निदानात घोळ होतोच.

गेल्या पावसाळ्यात माझंच बघा. ताप आल्याच्या दुसऱ्या दिवशी केलेली अँटिबॉडीची तपासणी निगेटिव्ह आली आणि ‘चिकुनगुन्या नाही’ असा शिक्का बसला. पुढे घोटे सुजले, सकाळी बोटं अशी आखडायची की कुकरचं झाकण लागेना. कुणी युरिक ॲसिड म्हणालं, कुणी आमवात. शेवटी संधिवाततज्ज्ञ बाईंनी विचारलं, “ताप नेमका कोणत्या तारखेला आला?” आयजीएम अँटिबॉडी रक्तात दिसायला साधारण पाच दिवस लागतात, त्याआधी पीसीआर करावी लागते. अँटिबॉडीची तपासणी पुन्हा केली, पॉझिटिव्ह आली.

म्हणून ताप आला की कॅलेंडरवर खूण करा. पुढचं बरंचसं त्यावरूनच ठरतं.

सुरुवातीला पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि विश्रांती. दिवसा चावणारा एडिस डास डेंगीही पसरवतो. त्यामुळे डेंगी नाही हे ठरेपर्यंत ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेऊ नका. रक्तस्रावाचा धोका असतो. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही.

ताप गेल्यावर सुजेवर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि सोसेल तेवढे सांधे हलवत राहा. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. किडनीचा, बीपीचा किंवा अल्सरचा त्रास असेल तर नक्कीच.

बिननावाच्या पुड्यांपासून मात्र लांब राहा. शेजारच्या काकू त्या घेऊन आठवड्यात चालू-फिरू लागल्या. नंतर चेहरा सुजला, शुगर भडकली. डॉक्टरांना स्टेरॉइडचाच संशय आला. अशा पुड्या बरेच दिवस घेत असाल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा.

बहुतेकांचे सांधे हळूहळू मोकळे होतात. तीन महिन्यांनंतरही सूज राहिली तर संधिवाततज्ज्ञ गाठा. ते आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, हिपॅटायटिस बी आणि सी तपासतात. काहींना मेथोट्रेक्सेट द्यावी लागते. पण एकच सांधा लालबुंद, गरम होऊन ताप आला, तर तारखा मोजत बसू नका. सांध्यात पू झालेला असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा.